‘पुढे चाल’ मिळाली म्हणजे नेमकं काय मिळालं?

प्रश्न : आळीपाळीने चाली करायच्या रणनीतीच्या खेळाची स्पर्धा भरवतोय, 17 नावं आली आहेत. नियमांत लिहिलं होतं : ‘प्रतिस्पर्धी न उरल्यास खेळाडूला पुढे चाल मिळेल.’ एकाने लगेच विचारलं, “म्हणजे पुढच्या डावात पहिली चाल माझी ना?” दुसरा शब्द सुचवा. जोड्या लावायच्या ‘स्विस’ पद्धतीलाही मराठी शब्द हवा आहे.

उत्तर : त्याने वाचलं ते बरोबरच वाचलं. ‘पुढे चाल’ क्रीडापानांवर रुळला तो टेनिस-बॅडमिंटनच्या बातम्यांत. तिथे एरवी ‘चाल’ हा शब्द येत नाही. तुमच्या खेळात सगळा व्यवहारच चालींचा. शिवाय जोडी लागली नाही तरी ‘पुढे चाल’ आणि समोरचा आलाच नाही तरी ‘पुढे चाल’. जोडी न लागल्याने न खेळता पुढच्या फेरीत जाण्याला मी सरळ ‘बाय’ लिहीन.

‘फेरी’ही तपासा. सगळ्यांची एकेक पाळी झाली की खेळातली फेरी संपते, आणि स्पर्धेचीही फेरीच. ‘तीन फेऱ्यांनंतर सामना थांबवता येईल’ यातून काय समजायचं? खेळात ‘आवर्तन’ म्हणा, ‘फेरी’ स्पर्धेला राहू द्या.

‘बाद पद्धत’ हा शब्द मात्र प्रामाणिक आहे : हरला की बाद. पण 17 जणांत ती लावलीत तर पहिल्या फेरीत सामना एकच होईल आणि 15 जण नुसते बाय घेऊन बसतील! पुढच्या फेरीतले निम्मे एकेक डाव खेळून घरी. महिनाभर तयारी केलेल्याला हे फार लागतं.

स्विस पद्धत 1895 साली झुरिचच्या बुद्धिबळ स्पर्धेत पहिल्यांदा वापरली गेली, म्हणून ते नाव. कोणी बाद होत नाही, शक्यतो सारख्या गुणांचे खेळाडू एकमेकांसमोर येतात आणि तीच जोडी पुन्हा लागत नाही. दोन डाव हरलेल्यालाही तिसऱ्या फेरीत आपल्या तोडीचा कुणीतरी भेटतो, लोक टिकतात ते यामुळे. ‘समगुण जोडी’ असा शब्द करता येईल, पण बुद्धिबळवाले ‘स्विस’च म्हणतात. तोच ठेवा.

आणखी एक मत : साखळी का नको? शब्द ऐकताक्षणी कळतो, प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ पडते.

उत्तर : सहा-सात जणांत साखळीसारखं दुसरं काही नाही. 17 जणांचे मात्र 136 सामने होतात, आणि शेवटी शेवटी ज्यांना काही मिळवायचं उरलेलं नसतं ते येईनासे होतात. स्विसच्या पाच फेऱ्यांत 40 सामन्यांत काम होतं. तुमच्या खेळात सामना बरोबरीत सुटत नसेल तर अपराजित फार तर एकच उरतो. गुण सारखे झालेच तर बुखहोल्झ, म्हणजे तुमच्या प्रतिस्पर्ध्यांनी मिळवलेल्या गुणांची बेरीज. हे नाव वापरलंत तर अर्थ तिथेच लिहा, नाहीतर निकालाच्या दिवशी वाद होतो.

प्रश्नकर्ता : वाक्य बदललं : ‘खेळाडूंची संख्या विषम असल्यास, ज्याला आधी बाय मिळालेला नाही अशा सर्वांत कमी गुणांच्या खेळाडूला बाय मिळेल. त्या फेरीत तो खेळणार नाही. त्याला विजयाइतके गुण मिळतील.’ मघाच्याच खेळाडूला वाचायला दिलं. या वेळी त्याने काही विचारलं नाही.