शब्दचर्चा: चित्र-फाइलचे ‘गुणधर्म’ की ‘नोंदी’?

प्रश्न : पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या पिलो या चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीची (तयार कोडच्या संचाची) माहिती मराठीत लिहिते आहे. ‘इमेज अ‍ॅट्रिब्यूट’साठी सरसकट ‘गुणधर्म’ वापरलं. रुंदी-उंचीला ते चपखल बसतं. पण फोटो काढल्याची तारीख, कॅमेऱ्याचं मॉडेल यांनाही गुणधर्मच म्हणायचं का? शिवाय ‘गुणधर्म बदला’ हे कानाला खटकतं.

उत्तर : खटकायलाच हवं. गुणधर्म वस्तूतच असतो, तो वरून लिहिता येत नाही. पिलोत चित्राचे ‘साइझ’ (रुंदी-उंची), ‘मोड’ (रंगांचा प्रकार) वाचता येतात. पण ‘साइझ’ला थेट नवी किंमत द्यायला गेलात तर एरर येते. ‘रीसाइझ’ वापरलं तरी मूळ चित्र तसंच राहतं, दुसरं तयार होतं. म्हणून ‘आकार बदला’पेक्षा ‘नव्या आकाराचं चित्र बनवा’ असं लिहा.

एक्झिफमधल्या, म्हणजे कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो त्या माहितीतल्या, गोष्टी मात्र माझ्या मते ‘नोंदी’ आहेत. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असेल तर तारीखही चुकते. ती दुरुस्त करता येते, पुसता येते, आणि त्याने एकही पिक्सेल बदलत नाही. यातली सर्वांत फसवी नोंद ‘ओरिएंटेशन’ची, म्हणजे चित्र कुठल्या बाजूने दाखवायचं याची, टॅग (नोंदीचा) क्रमांक २७४. तिची किंमत १ ते ८ असते. ६ असेल तर चित्र दाखवताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ९० अंशांत फिरवायचं असतं. फाइलमधले पिक्सेल आडवेच पडलेले असतात. पिलोतलं ‘एक्झिफ ट्रान्सपोज’ हे फंक्शन खरोखर पिक्सेल फिरवतं आणि ती नोंद काढून टाकतं. चित्राचा आकार आणि ही नोंद या दोन्हींना ‘गुणधर्म’ म्हटलं तर हा फरक वाचकाला कसा कळणार?

प्रश्न : पटलं. मग डीपीआय (छपाईत एका इंचात किती ठिपके) कुठे बसवू?

उत्तर : नोंदींतच. जेपेग (फोटोंच्या फाइलचा एक प्रकार) साठवताना डीपीआय ७२चा ३०० केला तरी पिक्सेल तेवढेच राहतात, फक्त छपाईत चित्र किती मोठं यावं त्याची सूचना बदलते.

आणखी एक मत : ‘नोंद’ला माझाही पाठिंबा. पण पायथनमध्ये टिंबानंतर येणाऱ्या कुठल्याही नावाला अ‍ॅट्रिब्यूट म्हणतात, तिथे ‘अ‍ॅट्रिब्यूट’च ठेवा. ‘रीड-ओन्ली’, ‘हिडन’ हे अ‍ॅट्रिब्यूट तर फाइल सिस्टिमचे (संगणकाच्या फाइल-व्यवस्थेचे), त्यांचा चित्राशी संबंधच नाही. आणि एक सूचना ठळक लिहा: एक्झिफ बदलून जेपेग साठवताना ‘सेव्ह’ला ‘एक्झिफ’ वेगळं द्यावं लागतं, नाहीतर नव्या फाइलमध्ये त्या नोंदी उतरतच नाहीत.