व्हेक्टरमध्ये काढलेला चेहरा मुखवट्यासारखा दिसतो

प्रश्न
गेले काही महिने मी इंकस्केप या व्हेक्टर चित्रांच्या (बिंदू आणि वक्ररेषांनी बनणाऱ्या चित्रांच्या) सॉफ्टवेअरमध्ये व्यक्तिचित्रांचा सराव करीत आहे. छायाचित्र खालच्या लेयरवर ठेवून, तो लेयर लॉक करून, पेन टूलने डोळे, नाक, ओठ आणि हनुवटी यांच्या कडा काटेकोरपणे गिरवतो. रेषा छायाचित्राशी तंतोतंत जुळतात. तरीही रंग भरल्यावर चेहरा मुखवट्यासारखा दिसतो आणि चित्र कोणाचे आहे हे सांगावे लागते. एका गालासाठी मला तीस-चाळीस नोड (रेषेला आकार देणारे बिंदू) लागतात. छायाचित्राचे आपोआप आकार करून देणाऱ्या ‘ट्रेस बिटमॅप’मधून इतके तुकडे निघाले की दुरुस्तीचा विचारच सोडून दिला. माझा हात कमी पडतो आहे की पद्धत चुकते आहे?

प्रतिसाद १
पद्धत चुकते आहे. समोरून पाहिलेल्या नाकाला बाजूची रेषा नसतेच. दिसते ती एका अंगाची सावली, शेंड्यावरचा उजेड आणि नाकपुड्यांचा गडद भाग. तिथे तुम्ही रेषा ओढली की नाक चिकटवल्यासारखे दिसणारच. छायाचित्राची प्रत राखाडी करून ती चार-पाच छटांपुरती मर्यादित ठेवा आणि त्यातून जे सावल्यांचे आकार दिसतील तेच गिरवा. आधी संपूर्ण चेहऱ्यावर मधली छटा भरावी, तिच्यावर सावल्या, त्यांवर सर्वांत गडद भाग आणि शेवटी उजेडाचे मोजके ठिपके. हे आकार कडेला कड लावून न मांडता एकावर एक चढवावेत, अन्यथा त्यांच्या सांध्यांतून खालच्या रंगाची केसाएवढी फट दिसते. डोळ्यांतला पांढरा भागही शुभ्र ठेवू नका. त्यावर वरच्या पापणीची सावली असते.

प्रतिसाद २
नोडविषयी थोडेसे. पूर्ण वर्तुळ अवघ्या 4 नोडांत बसते, आणि त्यांच्या हँडलांची (नोडातून निघून वक्राचा बाक ठरवणाऱ्या दांड्यांची) लांबी त्रिज्येच्या सुमारे 55 टक्के असते. मग एका गालाला चाळीस नोड कशाला? वक्र जिथे सर्वांत डावीकडे, उजवीकडे, वर किंवा खाली पोहोचतो आणि जिथे त्याचा बाक उलटतो, तिथेच नोड द्यावा, उरलेले काम हँडलांवर सोपवावे. कंट्रोल आणि एल दाबून नोड कमी करता येतात, पण त्यात डोळ्यांचे कोपरे बोथट होतात, म्हणून मी ती सोय चेहऱ्यावर वापरत नाही.

प्रतिसाद ३
वरील सल्ला योग्य असला तरी तो छायाचित्रावर अवलंबून आहे. समोरून फ्लॅश मारलेल्या छायाचित्रात गिरवण्याजोगी सावलीच उरत नाही, आणि हातभर अंतरावरून काढलेल्या छायाचित्रात नाक प्रत्यक्षापेक्षा मोठे दिसते. प्रकाश एका बाजूने येणारे, दीड-दोन मीटरांवरून टिपलेले छायाचित्र घ्या. अधूनमधून सगळे आकार निवडून एच दाबावे. चित्र आडवे उलटले की डोळ्यांची पातळी चुकलेली असल्यास लगेच लक्षात येते.

प्रश्नकर्ता
नवे छायाचित्र घेऊन अवघ्या अकरा आकारांत चेहरा काढला. हनुवटीची रेषा पुसून केवळ गळ्यावरची सावली ठेवली, तर हनुवटी पूर्वीपेक्षा ठसठशीत दिसू लागली. केस मात्र अजून टोपी घातल्यासारखे वाटतात.

प्रतिसाद १
कपाळ आणि केस जिथे मिळतात तिथे केसांच्या खाली सावलीचा एक आकार ठेवून त्याला थोडा ब्लर द्या. सुट्या बटा सर्वांत शेवटी, टोकाकडे निमुळत्या काढा; पाच-सहा पुरेत.