पोलवरच्या पेटीत ६६ अंश: पंखा घ्यावा की पेल्टियर?

लेआउटवाला

नमस्कार. नागपूरच्या मनीषनगर भागातील आमच्या लेआउटच्या (वसाहतीच्या) फाटकाजवळ पोलवर ६०० × ४०० × २५० मिमीची, गर्द करड्या रंगाची लोखंडी पेटी बसवली आहे. तिच्यात चार कॅमेऱ्यांचा पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा), त्याला वीज पुरवणारा एसएमपीएस, फायबरची जोडणी नेटवर्कच्या केबलवर आणणारा मीडिया कन्व्हर्टर आणि वीज गेल्यावर आधार म्हणून १२ व्होल्टची सीलबंद बॅटरी आहे. हिवाळ्यात काहीच त्रास नव्हता. मात्र एप्रिल सरता सरता दुपारी तीननंतर कॅमेरे एकेक करून बंद पडू लागले आणि दिवस मावळला की आपोआप सुरू होऊ लागले. ऐन नवतपात सव्वाचार वाजता दार उघडले, तेव्हा आतला थर्मामीटर ६६ अंश दाखवत होता, बाहेर सावलीत ४५ होते, आणि बॅटरी इतकी फुगली होती की ती काढण्यासाठी पट्टीचे स्क्रू सोडवावे लागले. मीटरवर एकूण भार ७५ वॉट दिसतो. दार पश्चिमेला, रस्त्याकडे आहे. विक्रेत्याने दोन पंखे सुचवले आहेत, तर एका परिचितांनी पेल्टियर कूलर (वीज दिली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होणारी चकती). यांपैकी काय घ्यावे?

पॅनेल_हिंगणा

त्याआधी ही उष्णता येते कुठून, हे पाहिले पाहिजे, कारण आपल्या ७५ वॉटपैकी निम्म्याहून अधिक वीज पेटीत राहतच नाही. कॅमेरे प्रत्येकी साधारण १० वॉट घेत असतील, तर ते ४० वॉट केबलमधून बाहेर जातात आणि त्यांची उष्णता कॅमेऱ्यांतच निघते. पेटीत उरतात सुमारे ३५ वॉट. आपल्या पेटीचा सगळ्या बाजूंचा पृष्ठभाग जवळजवळ १ चौरस मीटर भरतो, आणि रंगवलेल्या लोखंडी पत्र्यातून, आत-बाहेरच्या तापमानातील दर अंश फरकामागे, चौरस मीटरला साडेपाच वॉट बाहेर पडतात असे धरून आम्ही पॅनेलवाले हिशेब करतो. ३५ भागिले साडेपाच म्हणजे साडेसहा अंश. नुसत्या यंत्रांमुळे पेटी ४५ वरून ५२ च्या आत-बाहेर थांबायला हवी होती. वरचे चौदा अंश उन्हाचे आहेत. खातरजमा फुकट करता येते: रात्री दहाला सगळे चालू असताना आत आणि बाहेर तापमान मोजावे.

नागपूर २१ अंश अक्षांशावर असल्यामुळे मेच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो (आपला शून्य सावलीचा दिवस २६ मेच्या सुमारास असतो), त्यामुळे बारा वाजता ऊन पडते ते पेटीच्या जेमतेम ४० × २५ सेंमीच्या छपरावर. खरा मार तीन ते पाचमध्ये बसतो, कारण हवा दिवसातील सर्वाधिक तापलेली असते आणि त्याच वेळी पश्चिमेचे ऊन आपल्या दारावर, म्हणजे पेटीच्या सर्वांत रुंद बाजूवर, येऊन आदळते. पेटी फिरवता आली तर दार उत्तरेला करावे. ते जमत नसेल, तर पश्चिम, दक्षिण आणि छप्पर या तिन्हींवर ३-४ सेंमी अंतर राखून पांढरे पावडर कोटिंग केलेला पत्रा लावावा आणि तो वर-खाली मोकळा ठेवावा, म्हणजे मधली हवा तापून वर निघून जाईल. पत्रा चकाकता ठेवू नये. कोरे ॲल्युमिनियम ऊन परतवते खरे, पण शोषलेली उष्णता सोडण्यात फार कंजूष असते, पांढरा रंग दोन्ही कामे करतो.

पंखा ४५ अंशांचीच हवा आत ओढणार, त्यामुळे पेटी ४५ च्या खाली कधीच जाणार नाही. पेल्टियर मात्र जितकी उष्णता काढतो तितकीच किंवा त्याहून जास्त वीज खातो, आणि त्याची गरम बाजू पुन्हा याच उन्हात. वाळ्याची ताटी खिडकीला बाहेरून बांधायची, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. पेटीचेही तसेच आहे.

जुना_तारवाला

हिशेब मान्य आहे. पंख्याबाबत मात्र मी अधिक कडक आहे. कामठी रोडवरच्या एका पेटीला मी हौसेने फिल्टरचा पंखा लावला होता. रस्त्याचे काम चालू असल्याने तीन आठवड्यांत फिल्टरचे नमदे झाले आणि पंखा जॅम झाला. पेटी बंदच ठेवावी, पण पूर्ण हवाबंद नको. साठ अंशांवर तापलेल्या पेटीवर पहिला पाऊस कोसळून ती तीसवर आली, की आपल्या ६० लिटरच्या पेटीतली हवा पाच-साडेपाच लिटरने आकसते आणि ती पोकळी भरायला केबलच्या कडेने ग्लँडमधून (केबल आत घेण्याच्या आवळत्या बुचातून) पाणी आत खेचले जाते. म्हणून तळाला पडद्याचा श्वासछिद्र-प्लग (हवा जाऊ देणारा, पाणी अडवणारा) बसवावा, सगळे ग्लँड तळातूनच घ्यावेत आणि केबलला ग्लँडच्या आधी खाली झोळ द्यावा. बॅटरी तिथे ठेवूच नये. २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना तिचे आयुष्य निम्मे होते. चौकीदाराच्या खोलीत तिला जागा द्यावी.

लेआउटवाला

रात्री दहाला बाहेर ३६, आत ४३ भरले. काल एका वाढदिवसाचा जुना फ्लेक्स, शुभेच्छांची बाजू आत आणि पांढरी बाहेर ठेवून, बांबूंवर पश्चिमेच्या बाजूला ताणला. सव्वाचारला बाहेर ४४ असताना आत ५५ होते आणि चारही कॅमेरे चालू राहिले. पत्र्याचे काम सांगितले आहे. परंतु स्विचवर कमाल ५० अंश लिहिले आहे, त्याचे काय करावे?

पॅनेल_हिंगणा

तो बदलावाच लागेल. ७५ अंशांपर्यंत चालणारा औद्योगिक दर्जाचा स्विच घ्यावा. एसएमपीएसची डेटाशीटही पाहावी, कारण बहुतेक एसएमपीएस ५० अंशांपर्यंतच पूर्ण वॉट देतात आणि पुढे त्यांची क्षमता उतरत जाते. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्यही दर १० अंशांमागे निम्मे होते. ७५ वॉटच्या भारासाठी १५० वॉटचा घेतला तर तो ५५ ला दमणार नाही. आणि पांढऱ्या पत्र्यावर धूळ बसली की तो करडाच होतो, तेव्हा मार्चमध्ये एकदा ओल्या फडक्याने पुसून घ्यावा.