आजोबांच्या ट्रंकेतलं जपानी चित्र: ओळखायचं कसं, फ्रेम बदलू का, विकायचं कसं?

पोटमाळा:
नमस्कार मंडळी. आजोबा बोटीवर नोकरीला होते, त्यांची ट्रंक माझ्या वाट्याला आली आणि तिच्यात एक जपानी चित्र निघालं, तळ्याकाठचं देऊळ, धुकं, छत्री घेतलेली बाई. वॉटरकलर वाटतंय. डावीकडे खाली इंग्रजी अक्षरात 'योशिदा' अशी सही आहे, पण त्याआधीचं अक्षर माउंटच्या (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या) कडेखाली गेलंय. नेटवर शोधलं तर हिरोशी योशिदा हे प्रसिद्ध जपानी चित्रकारच समोर येतात त्यामुळे छातीत धडधड सुरू झालीय. कागदावर तपकिरी ठिपके आलेत. एका विक्रेत्याला दाखवलं तर म्हणे छापील आहे, हवं तर मी घेतो. आधी मस्त नवी फ्रेम करून मग विकायला काढू का?

भिंगवाला:
छापील आहे म्हणणाराच घ्यायला तयार, हे जरा गमतीचंच नाही का? साधं भिंग घ्या आणि स्वतः बघा. यांत्रिक छपाई असेल तर बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. कोरलेल्या लाकडी ठशावरून हाताने छापलेलं असेल तर रंग कागदात मुरून मागून उमटतो आणि छापताना मागून घासल्याचे गोलसर व्रण असू शकतात. हाताने रंगवलेलं असेल तर रंग जिथे साचून वाळला तिथली कड गडद असते, आणि फिकट भागात खालची पेन्सिलची रेघ सापडते कधीकधी.

हिरोशी योशिदा (१८७६–१९५०) आज ठशाच्या चित्रांसाठी प्रसिद्ध, १९३०-३१ मध्ये भारतात फिरून गेले आणि मग ताजमहालाचं चित्रही केलं, पण सुरुवात वॉटरकलर आणि तैलरंगाची. १८९९ मध्ये चित्रं घेऊन अमेरिकेला गेले, डेट्रॉइटला प्रदर्शन झालं, चित्रं विकली गेली. मेइजी काळात (१८६८–१९१२) परदेशी पाहुण्यांसाठी अशी देवळं-धुकं-छत्र्या काढणारे बरेच होते, सही रोमन अक्षरात, गिऱ्हाइकाला वाचता यावी म्हणून. आणि योशिदा हे आडनाव तिकडे भरपूर आहे, त्यामुळे धडधड जरा आवरा :)

कागदवेडी:
नवी फ्रेम अजिबात नको!! विकायचं असेल तर घेणारा ती काढूनच बघणार. माझ्याकडच्या एका चित्राचं सांगते, फ्रेमवाल्याने "नीट बसावं" म्हणून समास कापला आणि अख्खा कागद पुठ्ठ्यावर डकवून टाकला. शिक्का समासातच होता. गेला.

आत्ता पुढून, मागून, जुन्या फ्रेमवरच्या लेबलांचे सगळे फोटो काढा, फ्रेम उघडायचं काम कागदाची दुरुस्ती करणाऱ्या माणसाकडून करून घ्या, आणि तपकिरी ठिपक्यांना हात लावू नका, ब्लीच तर नाहीच नाही. ठेवायचंच ठरलं तर आम्लविरहित माउंट, कागद वरच्या कडेला जपानी कागदाच्या पट्टीने आणि गव्हाच्या खळीने टांगलेला (सेलोटेप नको), काच चित्राला टेकता कामा नये आणि उन्हाची भिंत नको. म्युझियमवाले अशा चित्रांवर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपासच उजेड ठेवतात, म्हणजे आपल्याला अंधारच वाटेल.

सावली२:
एक राहिलं. माउंटखालचं अक्षर एचच असेल असं का धरताय? हिरोशींची बायको फुजिओ (१८८७–१९८७) पण वॉटरकलर काढायची, १९०३ मध्ये दोघं एकत्र अमेरिकेला गेले, लग्न नंतरचं, १९०७ चं. ते अक्षर बघितल्याशिवाय कोणाशी किमतीचं बोलूच नका. विकताना पण मत देणारा वेगळा आणि घेणारा वेगळा ठेवा, जपानी चित्रांचा वेगळा विभाग असलेल्या लिलाववाल्यांना आधी फोटो पाठवा, कमिशन, विमा, फोटोचा खर्च हे सगळं लेखी विचारा. आजोबांची बोटीवरच्या नोकरीची कागदपत्रं, पत्रं असतील तर चित्रासोबत ठेवा, कुठून आलं हे त्यावरूनच सांगता येतं.

पोटमाळा:
उघडून घेतलं! पेन्सिलच्या रेघा आहेत, छत्रीखाली तर स्पष्ट. आणि ते अक्षर एच नाहीये, एक उभी रेघ आणि दोन आडव्या. एफ!

भिंगवाला:
वा! पण अजून 'फुजिओ' म्हणून जाहिरात नका करू. सही नंतरही टाकता येते, तज्ज्ञाला मूळ कागद बघू दे. मागची बाजू टाका ना इथे.

पोटमाळा:
टाकतो. त्या विक्रेत्याचा परत फोन आलाय, आता म्हणतो छापील असलं तरी चालेल :D