मार्बल क्वीन मनी प्लांटची नवी पानं हिरवीच का?

प्रश्न: नाशिक, गंगापूर रोड. पांढऱ्या-हिरव्या पानांची ही वेल खिडकीपासून आठ फुटांवर, मॉस स्टिकवर (शेवाळ गुंडाळलेल्या काठीवर) आहे. नवी पानं लहान, हिरवी. खालची पिवळी पडतात. खत घालू का?

उत्तर १: खत नको, उजेड द्या. पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसतं, म्हणून कमी उजेडात हिरवा भाग वाढतो. पूर्वेच्या खिडकीपासून दोन फुटांवर ठेवा. हिरवा शेंडा शेवटच्या ठिपकेदार पानाच्या पेराच्या किंचित वर छाटा. आलेली हिरवी पानं मात्र तशीच राहणार.

उत्तर २: खालची पिवळी बहुधा जास्त पाण्यामुळे. वरची दोन इंच माती सुकल्यावरच पाणी घाला. काठी मात्र ओलसर हवी, नाहीतर हवाई मुळं धरत नाहीत.

उत्तर ३: एप्रिल-मेमध्ये पश्चिमेची खिडकी टाळा, पांढरा भाग आधी करपतो. घरात मांजर असेल तर लांब ठेवा, पानं विषारी असतात.