मांडवा ते हर्णै मोटरबोटीने: वाटेतले मुक्काम आणि यार्डाची निवड, सल्ला हवा

प्रश्न (कोथरूड, पुणे)

नमस्कार. आम्ही चौघे मित्र मार्चमध्ये २४ फुटी फायबरच्या बोटीने मांडव्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने हर्णैपर्यंत जाऊ इच्छितो. बोटीला एकच आउटबोर्ड, म्हणजे मागच्या बाजूस बाहेरून बसवलेले, इंजिन आहे. बुडाला शंखशिंपले धरल्याने वेग घटला आहे, त्यामुळे हर्णैच्या बाजूला ती यार्डात (बोटदुरुस्तीच्या जागेत) वर काढून घासून-रंगवून घ्यावी आणि चार-पाच दिवसांनी परतावे, असा विचार आहे. मुक्काम कोठे करावा आणि यार्ड निवडताना काय पाहावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (मूळचा हर्णैचा, सध्या सिंहगड रस्ता)

आपण यार्ड कोणते हे विचारले आहे, परंतु माझ्या मते त्याआधी तिथी ठरवावी. आपल्याकडील बहुतेक लहान यार्डांत क्रेन नसते. बोट भरतीच्या पाण्यावर किनाऱ्याशी आणून, ओहोटी लागली की दोराने वर ओढतात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी जिथपर्यंत चढते, तिथपर्यंत ते भांगात, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, पोहोचत नाही. उधाण ओसरता ओसरता बोट वर घेतली आणि काम चार दिवसांत संपले, तरी पुढच्या उधाणापर्यंत ती कोरड्यातच अडकते, आणि सुट्टी मात्र संपलेली असते. म्हणून द्वादशी-त्रयोदशीला, पाणी दिवसेंदिवस वाढत असताना, बोट वर काढावी आणि द्वितीयेच्या आत खाली उतरवावी. मुंबईहून दक्षिणेकडे जाताना भरतीची उंचीही कमी होत जाते, त्यामुळे हाताशी फारसे पाणी नसते.

भरतीची वेळ काढण्यासाठी आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हा मुंबईकडचा ठोकताळा आहे. हर्णैला भरती थोडी लवकर येते, तेव्हा छापील तक्ता जवळ असावाच.

अंतर साधारण ६० सागरी मैल आहे. पहिला मुक्काम दिघीजवळ राजपुरी खाडीत करावा. तेथे आसरा चांगला आहे आणि प्रवासाचा जवळपास निम्मा टप्पा पार होतो. पहाटे मतलई वाऱ्यावर निघून दुपारच्या आत नांगर टाकावा, कारण नंतर वायव्येचा खारा वारा उठतो. जाताना तो पाठीवर असल्याने त्रास जाणवत नाही, मात्र परतताना तोच समोरून येतो. म्हणून इंधनाचे तीन भाग करून एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक राखीव ठेवावा. किनाऱ्यालगतच्या डोल जाळ्यांमुळे (पाण्यात एका जागी बांधून ठेवलेल्या मासेमारीच्या जाळ्यांमुळे) रात्री चालवू नये.

उत्तर २ (औंध)

यार्डाबाबत एवढेच पाहावे की फायबरचे काम तेथे नियमित होते का. लाकडी नौकांचे उत्तम सुतार असलेल्या प्रत्येक ठिकाणी फायबरचा कारागीर असेलच असे नाही. रंगापूर्वी बूड गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यावे, इंजिनाला गंजापासून वाचवणारा त्यावरचा जस्ताचा तुकडा झिजला असेल तर बदलावा आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतले फिरते पाते) तपासावा. तो मोडला की इंजिन तापते, आणि एकच इंजिन असल्यावर समुद्रात दुसरा उपाय राहत नाही. मे अखेरीस, १ जूनची मासेमारी बंदी लागण्याच्या तोंडावर, यार्डांत जागा मिळणे अवघड असते. मार्च योग्य आहे.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. त्रयोदशीला हर्णैला पोहोचू, असे आता ठरवीत आहोत. हर्णैजवळच्या आंजर्ल्याच्या खाडीत शिरणे नवख्याला जमेल का?

उत्तर १

त्या मुखाशी गाळ साचतो आणि वाट बदलत राहते, त्यामुळे नकाशावर विसंबू नये. हर्णै बंदरातून एखाद्या अनुभवी तांडेलाला (नाव चालवणाऱ्या प्रमुखाला) बोटीवर घ्यावे आणि पाणी चढत असतानाच आत जावे. तळ लागला तरी वाढते पाणी बोट सोडवते. चौघांनीही जीवरक्षक जाकिटे सतत घालावीत, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक व व्हीएचएफ रेडिओचा १६ क्रमांकाचा चॅनल प्रत्येकाला ठाऊक असावा.