मदत हवी आहे : बाबांना घेऊन अंदमान आणि ४८ तासांच्या रिपोर्टचा हिशोब

नमस्कार मंडळी,

आम्ही इंदूरचे, लोकमान्य नगरात राहतो. यंदा, मार्च २०२१च्या दुसऱ्या आठवड्यात बाबांना अंदमानला न्यायचा विचार आहे. बाबा ७४ वर्षांचे, मधुमेह आहे, गुडघे दुखतात, पण सकाळचं फिरणं चुकत नाही. सेल्युलर जेल पाहायचं त्यांच्या मनात किती वर्षांपासून आहे. तात्याराव सावरकर ४ जुलै १९११ला तिथे कैदी म्हणून पोचले आणि १९२१च्या मे महिन्यात त्यांना तिथून हलवलं, म्हणजे यंदा शंभर वर्षं होतात. आधी नोकरी, मग आईचं आजारपण, त्यात राहूनच गेलं. परवा बाबांनी स्वतःहून विचारलं, "जमेल का रे या वर्षी?" नाही म्हणवलं नाही.

अडचण रिपोर्टची आहे. २०२१च्या सध्याच्या कोरोना-नियमांप्रमाणे पोर्ट ब्लेअरला उतरताना ४८ तासांच्या आतला कोरोनाच्या आरटी-पीसीआर चाचणीचा निगेटिव्ह रिपोर्ट दाखवावा लागतो, तोही आयसीएमआरमान्य (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मान्यता असलेल्या) लॅबचा. रॅपिड अँटिजेन चालत नाही. इंदूरहून थेट विमान नाही, आणि चेन्नईहून पोर्ट ब्लेअरची विमानं बहुतेक सकाळीच सुटतात. त्यामुळे आदल्या संध्याकाळी इंदूर सोडून रात्र चेन्नईत काढणं आलं. समजा सोमवारी सकाळी नऊला स्वॅब दिला, मंगळवारी दुपारी रिपोर्ट हातात आला, संध्याकाळी निघालो आणि बुधवारी सकाळी सातचं विमान धरलं, तर पोर्ट ब्लेअरला पाय ठेवेपर्यंत नऊ वाजून गेलेले असतात. स्वॅब उशिरा द्यावा, तर इंदूरचं विमान सुटायच्या आत रिपोर्ट येईल याची खात्री कोण देणार?

तर हे ४८ तास स्वॅब दिल्यापासून धरतात की रिपोर्टवरच्या वेळेपासून? आणि मोजतात कुठपर्यंत, चेन्नईला विमानात बसेपर्यंत की तिथे उतरेपर्यंत? चेन्नईतच दोन दिवस थांबून तिथे स्वॅब दिलेला बरा, असं एक मन म्हणतं. पण मग तामिळनाडूचा ई-पास (राज्यात यायची ऑनलाइन परवानगी) काढावा लागेल, आणि बाबांना हॉटेलात आणखी दोन रात्री ठेवणं मला पटत नाही.

आणखी एक. बाबांच्या आधारवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव आहे. इकडच्या लॅबवाले नुसतं नाव आणि आडनाव टाकून मोकळे होतात. विमानतळावर यावरून कुणाला अडवलंय का?

जेलबद्दलही विचारायचंय. तात्यारावांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला आहे. जिन्याला धरायला कठडा आहे का, पायऱ्या किती उंच आहेत? मधे बसायला जागा असेल तर बाबा सावकाश चढतील. बाबाराव आणि तात्याराव, दोघे सख्खे भाऊ एकाच तुरुंगात होते, ती जागा बाबांना खालूनच दाखवून परत आणायची नाही. संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम सध्या सुरू आहे का?

लस येईपर्यंत थांबा, असं बहीण म्हणते. तिचं चूक नाही. मागच्या एप्रिलात, २०२०मध्ये, इंदूरने कोरोनात काय पाहिलं ते आम्ही विसरलेलो नाही. पण १६ जानेवारी २०२१पासून लस आरोग्य कर्मचाऱ्यांनाच मिळतेय, ज्येष्ठांची पाळी कधी येणार ते अजून जाहीर नाही. मे उजाडला की तिकडे पाऊस येतो, समुद्र खवळतो, म्हणजे मग थेट दिवाळीनंतरच. ७४व्या वर्षी "पुढच्या वर्षी बघू" म्हणणं मला जड जातं.

बाराटांग बेटावर आम्ही जाणार नाही, हे पक्कं. तिकडचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. ऑगस्ट २०२०मध्ये तिथल्याच ग्रेट अंदमानी या दुसऱ्या जमातीतल्या दहा जणांना कोरोना झाला होता, आणि ती अख्खी जमातच साधारण पन्नास माणसांची. आपल्या हौसेपायी असं काही जारवांच्या दारात जाऊ नये. हॅवलॉक बेटही बोटीची गर्दी असेल तर सोडून देऊ, चार दिवस पोर्ट ब्लेअरलाच राहू.

सगळ्यात मोठी काळजी म्हणजे तिथे पोचल्यावर बाबांना ताप आला तर? जी. बी. पंत हॉस्पिटल आहे हे माहीत आहे, पण पेशंटबरोबर घरच्या एकाला राहू देतात का? त्यांना एकटं ठेवावं लागणार असेल तर मी हा बेत आजच रद्द करेन.

डिसेंबर-जानेवारीत वडीलधाऱ्यांना घेऊन जाऊन आलेल्यांनी कृपया लिहा, विशेषतः मध्य प्रदेशातून गेलेल्यांनी. तिकिटं या आठवड्यात काढायची आहेत.